बंद असलेली धड प्रत

शेवगावच्या एखाद्या वस्तीवर रांगणारी, दोन-चार शब्द बोलू लागलेली मुलगी दीड वर्षाची होता होता गप्प झाली, खेळणं टाकून सारखे हात चोळू लागली, की आधी दृष्ट काढतात. मग बोट आईकडे वळतं.

हा रेट सिंड्रोम असू शकतो. साधारण दहा हजार मुलींमागे एकीला होणारा. १९९९ मध्ये हुडा झोगबी यांच्या ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेला त्याचं मूळ सापडलं, एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ या जनुकात. मेंदूतली इतर जनुकं किती चालावीत, यावर त्याच्या प्रथिनाची नजर असते.

मुलीच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. त्यांतलं एक गर्भातच बंद होतं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. कोणतं बंद व्हायचं, ते पेशीपेशीगणिक वेगळं. म्हणजे जिथे बिघडलेलं जनुक चालू आहे, तिथेच धड जनुकही आहे, नुसतं बंद. या साऱ्या संशोधनात मला सर्वांत हलवून जातं ते हेच. ते उघडायचं कसं, यावर आज काम चालू आहे. एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये मोठ्या झालेल्या उंदरांत बंद ठेवलेलं हे जनुक पुन्हा चालू केलं, तेव्हा लक्षणं ओसरली. पेशी मेल्या नव्हत्या तर!

पण प्रश्न मापाचा आहे. हेच प्रथिन दुप्पट झालं, तर मुलग्यांना दुसरा गंभीर आजार होतो. म्हणून सगळं गुणसूत्र उघडून चालणार नाही. एकच जनुक, तेही बेताने.

आणि आईचं काय? रेटमधला बदल बहुतेकदा नव्याने घडतो, तोही बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत. म्हणून आता वडिलांना धरावं असं नाही. एक्स गुणसूत्रावरचाच दुसरा आजार, फ्रॅजाइल एक्स, तर पिढ्यान्‌पिढ्या येतो, आईकडून मुलाला, आजोबांकडून लेकीमार्फत नातवाला. तिथेही कुणी जाणूनबुजून काही दिलेलं नसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ‘येत होतं ते गेलं का?’ एवढं त्यांनी प्रत्येक आईला विचारावंच. शेवगाव-पाथर्डीतली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास लेकरं घेऊन कारखान्यांवर जातात. तेव्हा हा प्रश्न कोप्यांवर जाऊन विचारावा लागेल.