एका दिवसाचं दर्शन, वर्षभराचा फोटो

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला कंकाली मठ वर्षातून एकच दिवस उघडतो, विजयादशमीला. नागा साधूंची म्हणून सांगितली जाणारी जुनी शस्त्रं त्या दिवशी मांडली जातात, त्यांची पूजा होते, लोक रांग लावतात आणि मग दारं पुन्हा वर्षभरासाठी बंद. देवीची मूर्ती पूर्वी याच मठात होती, पुढे ती तलावाजवळच्या मंदिरात नेली. दसऱ्याला ती जुन्या घरी येते अशी श्रद्धा आहे. रांगेत मोबाइल उंचावलेले हात पुष्कळ, आणि त्यांच्यात पोटासाठी कॅमेरा वागवणारेही असतात. त्यातल्या एखाद्या मराठी घरातल्या फोटोग्राफरने आदल्या दिवशी, खंडेनवमीला, स्वतःच्या कॅमेऱ्याचीही पूजा केलेली असते. कुंकू काचेवर सांडू नये म्हणून लेन्सचं झाकण घट्ट लावून.

जे वर्षातून एकदाच दिसावं अशी रीत आहे, ते फोटोत बाराही महिने दिसू लागलं तर रीत मोडली का? आणि तो फोटो विकणारा नेमकं काय विकतो?

या धंद्याला पूर्वी आलेला एक आक्षेप मात्र वेगळाच होता. धुंडिराज गोविंद फाळके १८९५ साली व्यावसायिक फोटोग्राफर व्हायचं ठरवून गोध्र्याला गेले. तिथे १९००च्या प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा दुकान मांडलं, तर गावात अफवा उठली की कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. खुद्द राजपुत्रानेही आयुष्य घटेल म्हणून आधी नकार दिला होता. फाळक्यांनी दरबारात फोटोचे फायदे समजावले, राजपुत्राला पटलंही. गिऱ्हाईक मात्र वाढलं नाही. शेवटी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला घेतले. या भीतीला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण आपली छबी आपल्या हातून सुटली की तिचं कोण काय करील, ही धास्ती आजही कुणाला नाही?

याच्या अगदी उलट टोकाला रामकृष्ण परमहंस. डिसेंबर १८८१मध्ये कलकत्त्यात त्यांना राधाबाजारच्या ‘बेंगॉल फोटोग्राफर्स’ स्टुडिओत नेलं होतं. काचेला सिल्व्हर नायट्रेटचा लेप दिला की प्रतिमा उमटते आणि टिकते, हे त्यांना तिथे दाखवलं. त्यांनी ते साधनेला लावलं: कोऱ्या काचेवर काही ठरत नाही, भक्तीचा लेप असलेल्या मनावर ईश्वराचा ठसा राहतो. दक्षिणेश्वरात काढलेल्या स्वतःच्याच बैठ्या फोटोला त्यांनी पुढे फुलं वाहिली.  तर ज्याचा फोटो, त्यानेच तो पूजनीय मानला. इथे फोटो दर्शनाची नक्कल उरत नाही, त्याचं वाहन होतो.

मग कंकाली मठाच्या दाराशी उभा असलेला फोटोग्राफर कुठल्या बाजूचा? उत्तर शोधायला पंढरपूरला जावं लागतं.

शास्त्रात दर्शनाला अधिकार लागतो, आणि हा अधिकार शतकानुशतकं जातीने ठरला. विठ्ठलाच्या गाभाऱ्याचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी, १८९४मध्ये, राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला होता. त्याने छापलेली लक्ष्मी-सरस्वती अधिकार न विचारता भिंतीभिंतीवर जाऊन बसली. ज्याला देवळात मज्जाव, त्याच्या घरात देव आला. छापलेल्या देवाला बाजारू म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

म्हणून मर्यादा-मर्यादांत फरक केला पाहिजे. माणसावर घातलेली बंदी छपाईने आणि कॅमेऱ्याने मोडली, ते चांगलंच झालं. मठाची एका दिवसाची मर्यादा माणसावर नाही, काळावर आहे. तिच्यात कुणी परका ठरत नाही, सगळेच उरलेलं वर्ष थांबतात. ती पाळणं म्हणजे सोवळं पाळणं नव्हे. या फोटोंचं वर्षभर विकायचं कॅलेंडर करणं आणि बातमीपुरता एक फोटो देणं, यातलं अंतर कायदा दाखवत नाही. ते फोटोग्राफरलाच ठरवावं लागतं.

कायद्याचं म्हणणं तर मजेशीर आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. पण कुणी मोबदला देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाचा अल्बम यजमानाचा. आपल्या न्यायव्यवस्थेत देवतेच्या मूर्तीलाही व्यक्ती मानतात, तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावते. एवढं असून आपल्या छबीबद्दल तिला कुणी विचारलेलं ऐकिवात नाही.

पोट मात्र लग्नांवरच चालतं, आणि तिथेही एकदाच दिसणाऱ्या क्षणाचा प्रश्न अंगावर येतो. अंतरपाट एकदाच दूर होतो. अक्षता हवेत गोठवायच्या तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास हवं, फ्लॅश तयार हवा आणि पाय आधीच जागेवर हवेत. हे चुकलं की ऐकू येतं, “गुरुजी, हार परत एकदा!” दुसऱ्यांदा घातलेला हार हा विधी नव्हे, नाटक. गुरुजी कपाळाला आठ्या घालतात ते उगीच नाही.

एकच क्षण पकडण्यापलीकडचीही एक वाट आहे. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी वारीची छायाचित्रं काढली तेव्हा त्यांचा कॅमेरा विठ्ठलापेक्षा वारकऱ्यांवर अधिक रेंगाळला. तमाशा कलावंतांवरही त्यांनी तसंच लांब पल्ल्याचं काम केलं. एका फोटोच्या खपावर अशी कामं उभी राहत नाहीत. पुन्हा पुन्हा त्याच माणसांत जावं लागतं, आणि त्यांनी येऊ द्यावं लागतं. ब्राह्मणपाऱ्यातही ती वाट मोकळी आहे. मठातल्या तलवारी दर दसऱ्याला त्याच असतात, गेल्या वर्षीचा फोटो यंदाही चालून जातो. रांगेतलं मूल मात्र दरम्यान वर्षाने मोठं झालेलं असतं, आणि त्याच्या आईला तो फोटो हवा असतो.