घरोट आणि पाटी

जळगावच्या एस.टी. स्टँडवर माझ्या आजीला धुळ्याची गाडी पाटी बघून कधी सापडली नाही. ती जायची कंडक्टरच्या हाळीवर. "एरंडोल, पारोळा, धुळे" हे तीन शब्द त्या ठरावीक हेलात कानावर पडले की पिशवी उचलायची आणि नेमक्या दारात उभी राहायची. साठीच्या आसपास ती साक्षरता वर्गात गेली, अक्षरं शिकली आणि पुढच्याच प्रवासात वैतागली. पाळधी येईपर्यंत प्रत्येक दुकानाची, पेट्रोल पंपाची, मैलाच्या दगडाची पाटी तिनं फोड करून मोठ्यानं वाचली. शेवटी डोळे मिटून म्हणाली, "भाऊ, या पाट्या उगी राहतच नाहीत."

तेव्हा मी हसलो होतो. पण तिची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती. वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं जमत नाही. 'धुळे' ही अक्षरं नुसत्या रेघा आणि गोल म्हणून पाहायचा प्रयत्न करून बघा. रेघ दिसायच्या आत शब्द कानात वाजलेला असतो. एकदा शिकलेली ही गोष्ट परत करता येत नाही, कारण ती मेंदूच्या सालीत कोरली गेलेली असते.

साल हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. कॉर्टेक्स या लॅटिन शब्दाचा अर्थच झाडाची साल. मोठ्या मेंदूवरचा हा करडा थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीचा; पण घड्या उलगडून पसरला तर दोन-अडीच हजार चौरस सेंटीमीटर, गावाकडच्या मोठ्या परातीएवढा. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी १,६०० कोटी या थरात राहतात. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टी, कानशिलांपाशी ऐकणं, माथ्यावरून आडव्या उतरणाऱ्या दोन पट्ट्यांत स्पर्श आणि हालचाल, कपाळामागे बेत आखणं आणि स्वतःला आवरणं, अशी ढोबळ वाटणी शाळेच्या पुस्तकातही असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. समजायचं त्याला बरंच, पण तोंडातून 'टॅन' एवढंच निघायचं. तो गेल्यावर डाव्या कपाळामागचा एक तुकडा खराब झालेला आढळला आणि बोलण्याला मेंदूत पत्ता मिळाला.

वाचण्याला मात्र वडिलोपार्जित जागा नाही. बोलणं माणसाच्या रक्तात आहे. लिपी अवघी पाचेक हजार वर्षांची, आणि सर्वसामान्यांच्या घरात तर ती काल-परवा आली. एवढ्या काळात मेंदूत नवी खोली बांधून होत नाही. मग वाचन राहतं कुठे? डाव्या बाजूला, कानाच्या मागे, दृष्टीचा भाग कानशिलाच्या भागाला मिळतो तिथे खालच्या अंगाला. मूळचा हा मोहल्ला चेहरे, वस्तू, कंगोरे ओळखणाऱ्यांचा. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहेन म्हणतात की वाचन हे जुन्याच जागेचा नवा वापर करतं. आपल्या भाषेत सांगायचं तर वाचन हा भाडेकरू. गंमत अशी, की देवनागरी असो, चिनी असो की उजवीकडून चालणारी हिब्रू, हा भाडेकरू सगळीकडे जवळपास त्याच खोलीत उतरतो.

खोली गेली तर काय होतं, हे १८९२ साली देजरीन या फ्रेंच वैद्यानं लिहून ठेवलं. त्याच्या रुग्णाला एके दिवशी वाचता येईना. दिसत होतं, बोलणं चोख होतं, लिहिताही येत होतं. पण स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नव्हतं. संगीताची लिपीसुद्धा गेली. तरी हा गृहस्थ ऑपेरातली गाणी कानानं ऐकून शिकत राहिला.

हे वाचलं तेव्हा मला असोद्याची आठवण झाली. जळगावच्या वेशीवरचं हे गाव. इथं १८८० साली कवयित्री बहिणाबाई जन्मल्या, तेराव्या वर्षी चौधऱ्यांच्या घरात जळगावला आल्या, तरुणपणीच विधवा झाल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. जनगणनेच्या रकान्यात त्यांची नोंद एकाच शब्दात उरकली असणार: निरक्षर. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आज जळगावात पदव्या वाटतं.

'निरक्षर' या शब्दाशी माझं भांडण आहे. 'निर्धन'सारखा तो फक्त वजाबाकी सांगतो. बहिणाबाईंच्या मेंदूत ती डावी खोली रिकामी होती का? मुळीच नाही. तिथे मूळ मालक नांदत होते: माणसांचे चेहरे, गुरांच्या खुणा, पानाची कड, कणसाचा रंग. देहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या साक्षर-निरक्षरांचे मेंदू तपासले, तेव्हा अक्षरं आली की त्या जागी चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद थोडा आकसतो असं दिसलं. पुढे लखनऊजवळच्या खेड्यांतल्या, आपलीच देवनागरी शिकलेल्या आणि न शिकलेल्या लोकांवर अभ्यास झाला. २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की भाडेकरू येतो, पण मालकाला हाकलत नाही. मला हा दुसरा निकाल आवडतो. आवडतो म्हणून खरा ठरत नाही, हेही कळतं.

मात्र निरक्षरतेनं काहीच अडत नाही, हा भाबडेपणा मी करणार नाही. पोर्तुगालमध्ये १९७९ साली जोझे मोराइश आणि सहकाऱ्यांनी निरक्षरांना सांगितलं, शब्दाचा पहिला सुटा ध्वनी काढून उरलेलं म्हणा. बहुतेकांना जमलं नाही. ध्वनीची इतकी बारीक चिरफाड लिपीच शिकवते. यमक आणि अक्षरांचे तुकडे मात्र निरक्षर कानाला पुष्कळ सोपे जातात. आणि ओवीला याहून जास्त लागतं काय? शेवट जुळला पाहिजे, ओळीचं माप हाताला कळलं पाहिजे. म्हणजे जी कात्री बहिणाबाईंकडे नव्हती, ती त्यांच्या शिवणीला लागतच नव्हती.

माप हाताला कळतं म्हणालो, त्याचाही पत्ता सालीवर आहे. आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. खुंटा धरून हात गोल फिरतो, तेव्हा माथ्यावरची हालचालीची पट्टी कामाला लागते. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळी या पट्टीचा नकाशा काढला. त्यात पाठीला चिमूटभर जागा, तर हात आणि तोंड-जीभ यांना ऐसपैस, आणि दोघं सख्खे शेजारी. शेजार होता म्हणून जात्यावर गाणं फुटलं, असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण हे पक्कं ठाऊक आहे, की नुसता ताल ऐकतानाही, बोटसुद्धा न हलवता, हालचालीचे काही भाग जागे होतात. तालाच्या बाबतीत कान आणि हात ही दोन खाती वेगळी नाहीत.

इथे नकाशाची मर्यादा येते. कवितेचं केंद्र कुठे, म्हणून कुणी बोट ठेवायला गेलं तर ते बोट सालीवर सगळीकडे फिरेल आणि सालीखालीही उतरेल. बहिणाबाईंनीही मनावर गाणं रचलं. त्यात मन एका जागी ठरत नाही, आवरत नाही, हीच तक्रार आहे. रंगीत ठिपक्यांचे मेंदूचे फोटो पाहून ज्यांना मन सापडल्यासारखं वाटतं, त्यांनी ते गाणं पुन्हा ऐकावं.

जळगावहून धुळे नव्वदेक किलोमीटर. तिथे बहिणाबाईंच्या नेमका उलटा माणूस येऊन विसावला होता. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी आयुष्य कागदामागे घालवलं. वाड्या-वाड्यांतली दप्तरं धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, पहिला १८९८ साली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांसाठी स्मृती म्हणजे कवटीबाहेर, रुमालात बांधून ठेवलेली वस्तू. कवटीतली साल चितेवर जळते. बहिणाबाईंची गाणी वाचली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी वेळोवेळी लिहून घेतली म्हणून. आचार्य अत्र्यांच्या हाती ती वही पडली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. बाई तोवर गेल्या होत्या. शेतात, चुलीपुढे, कुणी वही घेऊन नसताना रचलेलं किती होतं, त्याला रुमाल नाही.

माझ्या आजीचीही जात्यावरची गाणी होती. ती थकल्यावर एकदा मी वही घेऊन बाजेवर तिच्या शेजारी बसलो. तिला काही आठवेना. "काय की रे," एवढंच म्हणाली. मी उठणार, तेवढ्यात तिचा उजवा हात बाजेच्या माचव्यावर गोल फिरायला लागला, सावकाश, कणीदार भरड दळावी तसा. आणि ओळ आली. मग दुसरी. मी घाईघाईनं लिहायला लागलो. तिनं कौतुकानं माझ्या वहीकडे पाहिलं आणि उतारवयात शिकलेली अक्षरं एकेक करून जुळवू लागली. हात थांबला होता. तिसरी ओळ आली नाही.