लोकांनी उचललं

"उचललं कुणी याला?" अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "लोकांनी."

त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. त्यांना उपचारासाठी माहिती हवी होती. त्यांनी पुढे विचारलं, "उचलायच्या आधी पाय हलत होते का? कुणी पाहिलं होतं का?" मी सांगितलं की मी नंतर पोचलो. ते वळले आणि कामाला लागले. माझ्या शर्टाला त्या पोराचं रक्त लागलेलं होतं, आणि मी त्या जागी सगळ्यांत आधी पोचलेला माणूस होतो.

डिसेंबर 2019. मी धाराशिवहून येरमाळ्याकडे निघालो होतो. येडशी मागे पडली होती, रात्रीचे साडेआठ झाले असावेत. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ही भीती ठाऊक आहे. अंधारात अंधारच चाललेला असतो. दुचाकीवरचं पोरगं मागून त्या ट्रॉलीवर आदळलं होतं. वीस-बावीसचं असेल. माझ्या गाडीच्या उजेडात ते कुशीवर पडलेलं दिसलं, आणि त्याच्या उजव्या बुटाची टाच डांबरावर घासत होती. पुढे, मागे, पुढे. हे मी पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं होतं ते नेमकं हेच.

मी गाडी जशी होती तशीच सोडून धावलो. मागून येणाऱ्यांना इशारा देणारे दिवे लावायचं सुचलं नाही. एक ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. ट्रॅक्टरवरचे दोघे आणि जवळच्या ढाब्यावरचे काही जण गोळा झाले. "आधी याला उठवून बसवा," हे शब्द माझे. दोघांनी काखेत हात घातले, मी हेल्मेट ओढून काढलं, बाटलीतलं पाणी तोंडाला लावलं. त्याला ठसका लागला. मग तो म्हणाला, "काका, पाय कळंनात मला."

ढाब्यावरच्या एकाने 108 ला फोन केला होता आणि गाडी निघाली होती. मी थांबलो नाही. एक जीप अडवली, मागच्या सीटवर त्याला पाय मुडपून बसतं-झोपतं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला ती मान हलायची. मी ड्रायव्हरला ओरडून सांगत होतो, "पळव, पळव." तिकडे रुग्णवाहिका रिकाम्या जागेवर पोचली.

त्याला पुढे सोलापूरला हलवलं. निघण्याआधी त्याच्या चुलत्याने माझे दोन्ही हात धरले, उपकार म्हणाले, गावाचं नाव सांगितलं, "कधी तरी या" म्हणाले. ते हात मी सोडवून घेतले नाहीत.

याच्या मागे आणखी एक रात्र आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. जानेवारी 2017. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली, बाजूला माणूस. बायको म्हणाली, "अहो, थांबा ना." मी म्हणालो, "पोलिसांची भानगड मागे लागेल." गाडी तमलवाडीला येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातलं जिल्ह्याचं पान मी उघडलं नाही. ती बातमी तिथे असेल या भीतीने.

तेव्हा मी स्वतःला पोलिसांचं कारण दिलं होतं. ते कारण त्या रात्री जिवंत होतं का, हे मी पुढे शोधलं, आणि शोधल्यावर तोंड लपवायला जागा उरली नाही. 1989 मध्येच, परमानंद कटारा यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कायद्याची कागदपत्रं नंतर. त्या याचिकेमागे एक स्कूटरस्वार होता: त्याला दवाखान्यात नेलं, तर पोलीस केस इथे घेत नाहीत म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. आणि जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूविषयी सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर 30 मार्च 2016 रोजी न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत, साक्ष द्यायची की नाही ते त्याच्या मर्जीवर. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं, पुढच्या वर्षी नियमही झाले. मी त्या माणसाला ओलांडून गेलो तेव्हा माझं कारण मरून नऊ-दहा महिने झाले होते. मला ते ठाऊक नव्हतं हे खरं. पण ठाऊक असतं तर थांबलो असतो का? मला वाटतं, दुसरं कारण सापडलं असतं.

जखमीला तातडीने दवाखान्यात पोचवणाऱ्याला सरकारने 2021 पासून पाच हजार रुपये देऊ केले, 2025 मध्ये ते पंचवीस हजार केले. दीड लाखापर्यंतच्या, सात दिवसांच्या विनारोकड उपचारांची योजनाही त्याच वर्षी आली. दुसरी योजना मला फार मोलाची वाटते, कारण जखमीच्या खिशात काय आहे हा प्रश्न ती बाजूला सारते. बक्षिसाबद्दल माझं मन साशंक आहे. ते 'पोचवण्या'चं बक्षीस आहे, आणि त्या डिसेंबरच्या रात्री मी पोचवलंच तर होतं.

पुढे एका प्रथमोपचार शिबिरात गेलो. शिकवणाऱ्यांनी मलाच सतरंजीवर जखमी म्हणून झोपवलं. एक मुलगी माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली, दोन्ही तळहातांनी माझं डोकं धरलं आणि म्हणाली, "हलू नका, मी आहे." इतरांना माहिती सांगणं चालू होतं: आधी स्वतःची गाडी सुरक्षित लावा, मागच्या वाहतुकीला सावध करा, बीडी-सिगारेट विझवा. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात; जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघा, आणि कुणी रस्त्याकडेच्या शेतात फेकलं गेलंय का तेही बघा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा आणि पुनःपुन्हा उचलून बघू नका. रुतलेली वस्तू उपसू नका. पाणी पाजू नका; ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि शस्त्रक्रिया करायची असेल तर पोट रिकामं लागतं. श्वास अडत नसेल तर हेल्मेट तसंच राहू द्या. आग लागलीय, श्वास थांबलाय, असं काही नसेल तर मदत येईपर्यंत हलवू नका. मानेचा किंवा पाठीचा मणका मोडला असला तरी आतली दोरी शाबूत असू शकते, आणि ती तुटण्याचा धोका उचलताना असतो. मी झोपल्या झोपल्या ऐकत होतो आणि मला त्या रात्रीची यादी वाचून दाखवल्यासारखं होत होतं. इशारा, हेल्मेट, पाणी, काखेतले हात.

त्या मुलीच्या हातांत काही करणं नव्हतं, धरून ठेवणं होतं. तिथे मला माझं उमगलं. 2017 साली तो माणूस मला बघवत नव्हता म्हणून मी पुढे गेलो. 2019 साली हे पोरगं रस्त्यावर पडलेलं मला बघवत नव्हतं म्हणून मी उचललं. दोन्ही वेळा माझं न बघवणं संपवायचं होतं. दुसऱ्या वेळेला तर आधीच्या रात्रीची फेडही त्याच्याच पाठीवर ठेवली.

मला सगळ्यांत जास्त बोचतं ते हे की मला अजिबात ठाऊक नव्हतं असंही नाही. मी सास्तूरच्या बाजूचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दगडमातीखालून माणसं ओढूनच काढावी लागली, तिथे दुसरा इलाज नव्हता. पण काढल्यावर आम्ही त्यांना बाजेवर, निखळलेल्या दारांच्या फळ्यांवर आडवं घातलं आणि चौघांनी तोललं. त्याआधीही आमच्याकडे अडलेली बाई, पान लागलेला गडी दवाखान्यात जायचा तो बाजेवरच, सपाट, चार खांद्यांवर. रुग्णवाहिकेतली माणसं मानेला पट्टा लावून, एका आवाजावर एकदम कुशीला वळवून, ज्या लांब फळीवर जखमीला घेतात ती या बाजेची बहीण आहे. मला ती रीत हाताने माहीत होती. जीप समोर आल्यावर मी ती विसरलो.

राज्यात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनी सुरू झाली, आणि गाडीत डॉक्टर असतो हे तिचं वैशिष्ट्य. गाडी यायला वेळ लागतो, ही तक्रार खोटी नाही. पण फोनवर आपण काय सांगतो? "येडशीच्या पुढं." दुभाजकाच्या रस्त्यावर सोलापूरकडे जाणारी बाजू की बीडकडे जाणारी, जवळचा किलोमीटरचा दगड, ढाब्याचं नाव, किती जखमी, हे सांगितलं नाही तर गाडी चुकीच्या बाजूने येते आणि पुढचं वळण मिळेपर्यंत लांब जाते. कायद्याने दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हटलंय. त्यातली मिनिटं अशीही सांडतात. गाडीतल्या माणसांकडे माझं एक मागणं आहे. त्यांनी भोवतीच्या गर्दीला हाकलू नये. एकाला डोकं धरायला, एकाला वाहतूक थांबवायला, एकाला उजेड धरायला सांगावं, आणि निघण्यापूर्वी, पहिल्यांदा कुणी पाहिलं, हे विचारून घ्यावं. असं विचारलं गेलं तर माझ्यासारखा माणूस 'लोक' या शब्दामागे लपणार नाही, अशी आशा वाटते. अर्थात मला विचारलं होतं, आणि सौजन्याने विचारलं होतं.

पाठीचं ते नुकसान आदळताना झालं की उचलताना, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. शिबिरातल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं तेव्हा तेही तेवढंच म्हणाले. टाच हलत होती, एवढी एकच साक्ष होती. ती मी दडवली.

येरमाळ्याच्या पुढे त्याच्या गावाचा फाटा आहे. इतकी वर्षं मी तो ओलांडत आलो. मागच्या महिन्यात तिथल्या टपरीवर थांबलो, चहा घेतला, तो संपेपर्यंत गप्प बसलो. टपरीवाल्याने विचारलं, "कुणाकडं जायचंय, काका?" मी चुलत्याचं आडनाव सांगितलं.

"वेशीच्या आत, मारुतीच्या मागं," तो म्हणाला. "पोरगं असंल घरी. तेच असतंय."

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी त्या रस्त्याला वळवली.