नाल्याकाठचा तास



पारोळ्याच्या तालुक्यातून बोरी वाहते. तामसवाडीला तिच्यावर धरण आहे, पुढे अमळनेर गाठून ती तापीला मिळते. एवढं आपली मुलं पाठ म्हणतात. पण बोरीला पाणी देणारा आपल्याच शिवारातला नाला त्यातल्या कितींनी नीट पाहिला असेल?

श्रावण-भादव्यात तो वाहता असतो, तेव्हाच मुलांना न्यावं. गुडघाभर पाण्यापलीकडे नको, आणि वरच्या अंगाला पाऊस असेल तर मुळीच नको. काठावर दहा मीटर अंतर मोजा, वाळकं पान सोडा, घड्याळ लावा. पान वीस सेकंदांत पोचलं, तर पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी पाणी दगडांना घासतं, म्हणून तिथं ते संथ चालतं. मग पाण्यातला एक दगड हलकेच उलटावा. शेपटीला तीन तंतू असलेली चपटी, चिमुकली अळी दगडाला चिकटलेली दिसली, तर पाणी बहुधा स्वच्छ आहे. तिथं नुसते लाल किडेच वळवळत असतील, तर वर कुठेतरी बहुधा सांडपाणी मिसळतंय. तो दगड होता तसाच परत ठेवायला मुलांना आवर्जून सांगावं. कुणाचं तरी घर आहे ते.

शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर बंधारे बांधले, आणि विहिरींना पाणी आलं. त्याआधी त्यांनी तिथली जमीन आणि खडक वाचले होते. आपल्या मुलांना हे वाचन यायला हवं असं मला मनापासून वाटतं. गुरुजनहो, या पावसाळ्यात भूगोलाचा एक तास नाल्यावर घ्याल ना?