वैराग्यालाही पाय लागतात

साठी उलटलेल्या माणसाने डंबेल्स हातात घेतले की डॉक्टर शाबासकी देतात आणि घरातले हसतात. त्या हसण्यात नुसती थट्टा नसते, एक जुनी धारणाही असते. उतारवय हे देहाची ओढ सैल करण्याचे, नामस्मरणाचे वय. त्या वयात दंडाची बेटकुळी कशाला फुगवायची, असा तो सूर असतो. ही धारणा उडवून लावण्यासारखी नाही. देह जाणार आहे आणि त्याच्यात जीव गुंतवून ठेवणाऱ्याचे म्हातारपण कडवट होते, हे आजूबाजूला पाहिले तरी पटते. पण देह नश्वर आहे यावरून तो दुबळा होऊ द्यावा, असे ठरत नाही. उलट, म्हातारपणी ज्याला खरोखरच विरक्त व्हायचे आहे, त्याने मांड्या आणि पाठ बळकट ठेवण्याची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे, असे मला वाटते.

ज्या परंपरेचा दाखला देऊन म्हाताऱ्यांना स्वस्थ बसायला सांगितले जाते, ती परंपरा स्वतः मात्र स्वस्थ बसलेली नाही. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवंड झाले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. त्यापुढचा दिनक्रम पाहा : कंदमुळे गोळा करायची, अग्नी राखायचा, उघड्या भुईवर झोपायचे, ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा. भुईवरून दिवसात किती वेळा उठावे लागेल, याचा नुसता अंदाज केला तरी वानप्रस्थ हा आरामखुर्चीचा आश्रम नव्हता हे कळते. संन्याशाने तर चातुर्मास सोडला तर एका जागी फार काळ राहायचेच नाही. आपली वारीही तशीच. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर अंतर पायी तोडणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसे कमी नसतात. घरदार सोडून निघायचे म्हटले तरी आधी निघता आले पाहिजे, हे या परंपरेने गृहीतच धरले होते. शेतात, जात्यावर, विहिरीवर राबलेल्या शरीरांना ते बळ वेगळे कमवावे लागत नसे. बैठ्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या आपल्या पिढ्यांना ते मुद्दाम कमवावे लागते, एवढाच फरक.

ते त्या वयात कमावता येते का, या प्रश्नाचे उत्तर आता अंदाजावर सोडलेले नाही. वयाबरोबर स्नायू झिजत जातात. या झिजेला १९८९ साली अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सारकोपेनिया’ हे नाव सुचवले. पुढच्याच वर्षी मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धांच्या संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची चालतानाची काठी सुटली. दहा माणसांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. म्हणून १९९४ मध्ये त्यांनी सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० जणांवरचा दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची क्षमता वाढली. नुसता पूरक आहार घेणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. म्हातारपणाचा सगळाच दुबळेपणा वयाचा नसतो. बराचसा न वापरल्याचा असतो.

आता हे बळ आणि विरक्ती यांचा संबंध पाहू. खुर्चीतून उठणारा अशक्त माणूस आठवा. तो आधी पुढे सरकतो, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवतो, एकदा झोका घेतो, पुन्हा बसतो, कोणी जवळ आहे का पाहतो. मांडीचा पुढचा स्नायू निकामी झाल्यामुळे एक साधी क्रिया त्याचे सगळे लक्ष खाते. संडासला जायचे, आंघोळीला उंबरा ओलांडायचा, देवापुढे बसायचे, या प्रत्येक वेळी आधी देहाचाच विचार. ज्याला देह विसरायचा होता, त्याला देह घटकाभरही विसरू देत नाही. सशक्त पायांचा माणूस उठतो आणि निघतो. उठल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही. आसक्ती फक्त लाड करण्यातून येते असे नाही, ती धास्तीतूनही येते. पडण्याच्या भीतीने दिवसभर जमिनीकडे पाहत चालणारा माणूस देहात जितका अडकलेला असतो, तितका आरशासमोरचा तरुणही कदाचित नसेल.

यावर शास्त्राचाच आक्षेप येऊ शकतो. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात लहान मुले आणि वृद्ध यांनी व्यायाम टाळावा, असे म्हटले आहे. धडधाकटांनाही निम्म्या शक्तीचीच मर्यादा घातली आहे. ओढूनताणून अर्थ लावून यातून सुटका करून घेऊ नये. वृद्धांबद्दलचे ते विधान आजच्या पुराव्यापुढे टिकत नाही, असे सरळ म्हणावे. आयुर्वेद अनुभवाला मानतो, तेव्हा असे म्हणण्यात अनादर नाही. त्यामागची काळजी मात्र घेण्यासारखी आहे : ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे, पायरी-पायरीने, रक्तदाब, हृदयविकार किंवा सांध्यांचा आजार असेल तर डॉक्टरला विचारून आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. दुसरीकडे मुंडकोपनिषद म्हणते की बलहीनाला आत्मा लाभत नाही. हे वाक्य जिमच्या भिंतीवर रंगवण्याचा मोह होईल, पण तिथले बळ आत्मनिष्ठेचे आहे, दंडाचे नाही. आपल्या बाजूचे म्हणून त्याला वाकवणेही तितकेच गैर.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. परावलंबन हीही एक शिकवण आहे. दुसऱ्याच्या हातून पाणी घेताना अहंकार गळतो. मग कोणाचा आधार लागू नये हा हट्ट म्हणजे अहंकाराचेच दुसरे रूप नव्हे काय? असू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची योग्यता कणभरही कमी नसते, आणि ‘व्यायाम केला नाही म्हणून भोगतोय’ असे त्याला सुनावणारा माणूस कितीही वजन उचलो, शिकला काहीच नाही. पण जे टाळता आले असते ते परावलंबन आपल्याबरोबर सुनेची झोप, मुलाची नोकरी, म्हाताऱ्या जोडीदाराची पाठही ओढून नेते. त्याला नम्रता म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. जे टळत नाही ते नम्रतेने स्वीकारावे. जे टळते ते टाळणे हे घरच्यांचे देणे आहे.

शेवटी प्रश्न प्रमाणाचा उरतो. पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि तोल सांभाळण्याचा सराव किमान तीन दिवस ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलणे, भिंतीला टेकून जोर काढणे : सुरुवातीला एवढेही चालते. यात आसक्ती शिरली की नाही, हे व्यायाम करताना कळत नाही. आजारपण येऊन कमावलेले बळ ओसरले, की कळते. तेव्हा जो चिडला, तो देहाची पूजा करत होता. आणि जो उरलेल्या ताकदीपासून पुन्हा निम्म्या वजनाने सुरुवात करतो, किंवा तेही जमेनासे झाल्यावर शांतपणे थांबतो, त्याच्या व्यायामाला साधना म्हणायला कोणाची हरकत नसावी.