ध्रुवीय प्रकाश आणि छायाचित्राची साक्ष

डॅनिश हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम पॉल्सन यांची मोहीम १८९९ साली ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी आइसलँडमधील अकुरेरी येथे गेली, तेव्हा हाराल्ड मोल्टके हा चित्रकार तिच्यासोबत होता. मार्टिन ब्रेंडेल यांनी उत्तर नॉर्वेतील बोसेकोप येथे या प्रकाशाचे छायाचित्र १८९२ मध्येच घेतले होते. परंतु ते अस्पष्ट आणि रंगहीन होते. रंगांसाठी माणसाच्या डोळ्यावरच विसंबणे भाग होते. आज हे नाते उलटले आहे. मंद ध्रुवीय प्रकाश डोळ्याला पुष्कळदा करड्या ढगासारखा दिसतो, कारण रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी इतक्या कमी उजेडात जवळजवळ निष्क्रिय असतात. शटर दहा सेकंद उघडे ठेवणारा कॅमेरा मात्र त्याच आकाशातून गडद हिरवा रंग गोळा करतो. मग बर्फाळ माळावरचे ते हिरवे आकाश खरे म्हणावे काय?

नाही म्हणण्याची घाई होते आणि ती चुकीची आहे. हिरवा रंग ही कॅमेऱ्याची कल्पना नव्हे. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील उत्तेजित ऑक्सिजन अणू ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश खरोखरच बाहेर टाकतात. रोलाँ बार्थ यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’मध्ये (मूळ फ्रेंच, १९८०) छायाचित्राचे सत्त्व ‘हे तेथे होते’ या ग्वाहीत शोधले. रंगापुरती ती ग्वाही येथे टिकते. अडचण आहे ती तिच्या आडून येणाऱ्या दुसऱ्या ग्वाहीची: ‘हे असेच दिसले.’ एरवी या दोन्ही इतक्या एकजीव असतात की त्यांच्यामधला सांधा लक्षात येत नाही. येथे तो उसवतो.

रंगापेक्षाही तो काळाच्या ठिकाणी अधिक उसवतो. प्रखर ध्रुवीय प्रकाशाचे पडदे क्षणाक्षणाला आकार बदलतात. दहा सेकंदांतले हे सारे आकार एकमेकांवर साचले की जे मुलायम धुके छायाचित्रात उमटते, ते आकाशात कोणत्याही एका क्षणी नव्हते. बर्फावरचा क्षीण उजेडही असाच साचत जाऊन सांजवेळेसारखा होतो. ज्या काळोखात माणूस उभा होता तो काळोखच चित्रातून नाहीसा होतो. रात्रीचे परकेपण जाते आणि उरते उपभोग्य दृश्य.

अर्थात दोष यंत्राचा नाही. कार्ल स्टॉर्मर यांनी १९१० मध्ये बोसेकोपलाच दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रे घेऊन ध्रुवीय प्रकाशाची उंची मोजली. ती छायाचित्रे कोणाच्याही अनुभवाचे प्रतिनिधित्व करू पाहत नव्हती. अमुक वेळी, अमुक ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर प्रकाश कोठे होता, एवढाच त्यांचा दावा होता. दावा लहान होता म्हणून साक्ष भक्कम राहिली. त्याच तंत्राने घेतलेले चित्र ‘पाहिलेले आकाश’ म्हणून दुसऱ्याच्या हाती देताना छायाचित्रकार जे मौन पाळतो, नैतिक प्रश्न त्या मौनाचा आहे.

हे मौन निरुपद्रवी नाही. अशी चित्रे पाहून उत्तरेकडे गेलेला प्रवासी डोक्यावरच्या फिकट पट्ट्याला ढग समजतो, कॅमेरा रोखतो, आणि पडद्यावर हिरवे उमटल्यावरच सोबत्यांना ‘दिसला’ असे सांगतो.