पिप्यातली तुळस

आमच्या यवतमाळच्या दोन खोल्यांना अंगण नाही. जिन्याच्या वळणावर हातभर जागा आहे, तिथं १५ किलोच्या तेलाच्या पिप्यात तुळस आणि रंगाच्या जुन्या बादलीत सांबार, म्हणजे कोथिंबीर. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा थबकल्या. "पिप्यातल्या तुळशीला दिवा लावायचा का गं?"

प्रश्न मला लागला, कारण तो माझाही होता. वृंदावन पूजेसाठीच घडवतात, पिपा तेलासाठी. मग पावित्र्य येतं कुठून? अरणचे सावता माळी आठवले. त्यांनी १२९५ साली समाधी घेतली. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. कांद्या-मुळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असं परंपरा सांगते.

पिप्याच्या तळाला खिळ्यानं पाच भोकं पाडली होती, त्यांवर खापऱ्या, मग माती आणि शेणखत. पाणी साचलं की मुळं कुजतात. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा धरण आटलं, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणीच तिला घालायची. देवाला उरलेलं पाणी? घालताना दर वेळी हात अडायचा. तरी घातलं, कारण तहान खरी होती.

परवा सासूबाईंनी पिप्याचा गंजलेला काठ पदरानं पुसला आणि तिथंच कुंकवाचं बोट टेकलं.